पहिल्याच दिवशी

“आधी हात धू. कोपरापर्यंत,” जमदाडे सिस्टर म्हणाल्या.

मी धुतले.

“नखं बघू.”

नखं कापलेली होती, तरी त्यांनी माझं एकेक बोट धरून पाहिलं. सिस्टर आमच्या साखर कारखान्याच्या दवाखान्यात होत्या आणि त्यांनीच मला निरोप धाडून या बंगल्यावर बोलावलं होतं. आतल्या खोलीत एक मूल रडत होतं. रडून रडून त्याचा आवाज संपला होता, आता नुसती धाप ऐकू येत होती.

वीस दिवसांचं होतं ते. त्याची आई बाळंतपणातच गेली. वडील, मोघे साहेब, कारखान्यात चीफ केमिस्ट. गळीत हंगाम नुकताच सुरू झालेला, त्यामुळे ते घरी थांबू शकत नव्हते. घरात त्यांची आई होती, पण आजींचे दोन्ही हात सारखे थरथरायचे. चहाची बशी धरवत नव्हती त्यांना, मूल कुठून धरवणार?

“एवढं लहान पोर कधी घेतलंयस?” सिस्टरांनी विचारलं.

“भावजयीची दोन मीच वाढवली.”

“स्वतःचं?”

मी नाही म्हणून मान हलवली. खरं तर त्यांना ठाऊक होतं, सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं. पाच वर्षं नांदून मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी करून आणली आणि मला माहेरी आणून सोडलं. तेव्हापासून कॉलनीतल्या तीन घरांत मी भांडी घासत होते. वय चोवीस.

सिस्टरांनी मला त्या दुपारी सगळं शिकवलं. बाटली किती वेळ उकळायची. डब्यातल्या दुधाचा चमचा सपाट घ्यायचा, शीग लावून नाही. दुधाचा थेंब मनगटावर टाकून बघायचा. पाजल्यावर खांद्यावर उभं धरायचं आणि ढेकर आल्याशिवाय खाली ठेवायचं नाही. मान कशी धरायची, हे त्यांनी माझ्या हाताखाली आपला हात घालून दाखवलं. मग ते मूल माझ्या मांडीवर दिलं. लालभडक तोंड, घट्ट मिटलेल्या मुठी. बाटली तोंडाला लागली आणि खोली एकदम इतकी शांत झाली, की बाहेरची कारखान्याची घरघर ऐकू यायला लागली. पिता पिता त्याची एक मूठ उघडली आणि माझ्या करंगळीभोवती मिटली.

“आणि एक लक्षात ठेव, मालन,” पिशवी उचलताना सिस्टर म्हणाल्या. “पोर त्यांचं आहे.”

“कळतं की मला.”

“आत्ता कळतं,” त्या म्हणाल्या आणि गेल्या.

त्याचं नाव सौमित्र ठेवलं. मी सोमू म्हणायची. आधी मी सकाळी येऊन दिवेलागणीला घरी जायची. महिनाभरात साहेबांनी स्वयंपाकघरामागची खोली मला दिली आणि मी तिथंच राहायला लागले. भांड्यांची कामं सुटली. न्हाऊ घालणं, ओव्याची धुरी, बाळगुटी, लंगोट, दुपटी, दिवस कसा सरायचा समजायचं नाही. साहेब भले माणूस, पण मुलाकडं बघताना त्यांना बायको आठवायची. दारात उभे राहायचे, “दूध प्याला का?” विचारायचे आणि निघून जायचे.

सोमूला एक सवय लागली. झोप आली की माझ्या पदराचं टोक तोंडात घेऊन चोखायचं. ते टोक ओलंचिंब झाल्याशिवाय डोळा लागायचा नाही. माझ्या सगळ्या पातळांची टोकं विरून गेली होती.

अकरा महिन्यांचा असताना एकदा मी त्याला गुरगुट्या भात भरवत होते. आजी समोर खुर्चीत होत्या. त्यानं घास गिळला, माझ्या हनुवटीला भाताचा हात लावला आणि म्हणाला, “आई.”

मी आजींकडं बघितलं. त्यांचे हात मांडीवर थरथरत होते.

“माई म्हणायला शिकव त्याला,” त्या म्हणाल्या. “तेवढं बरं.”

मी शिकवलं. तोही माई म्हणायला लागला. पण बंगल्याच्या मागं धुण्याचा दगड होता. तिथं घरातलं कुणी यायचं नाही. मी धुणं धुवायची, तो पाण्यात हात मारत बसायचा. तिथं मी त्याला विचारायची, “मी कोण रे?” तो हसायचा. “सांग की, कोण मी?” मग तो म्हणायचा, “आई.” मी म्हणायची, “ओ.” दिवसातून एकदा, कधी दोनदा. घरात शिरलो की मी माई. एवढंसं पोर, पण त्याला हे बरोबर कळायचं. दगडापाशी एक आणि घरात एक. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

सोमू सव्वादोन वर्षांचा झाला आणि साहेबांचं दुसरं लग्न झालं.

लग्न वाईला झालं. नव्या बाईंना मी वहिनी म्हणायची. त्या तिथल्याच शाळेत शिकवत होत्या. नाव मृदुला. वय एकतीस, पाठच्या चार भावंडांचं करता करता लग्न राहून गेलेलं. जीपमधून उतरल्या तेव्हा मी सोमूला कडेवर घेऊन पायरीवर उभी होते. त्याला नवा सदरा घातला होता, डोळ्यांत काजळ घातलं होतं. वहिनींनी हात पुढं केले. हात पुढं करण्यातच दिसत होतं, की मूल घ्यायची त्यांना भीती वाटतेय.

“ये,” त्या म्हणाल्या. “येतोस माझ्याकडे?”

“जा की,” मी म्हटलं. “बघ, आई आली.”

त्यानं त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग दोन्ही हातांनी माझी मान धरली आणि सगळ्यांसमोर, साहेबांसमोर, आजींसमोर, जीपच्या ड्रायव्हरसमोर ओरडला, “ही आई! ही आई!”

वहिनींचे हात तसेच पुढं राहिले. मग त्यांनी ते हळूच खाली घेतले.

आठवडा झाला तरी तो त्यांच्याकडं जाईना. त्यांनी वाईहून लाकडी घोडा आणला होता, तो घोडा घ्यायचा आणि माझ्याकडं पळत यायचा. त्या खोलीत आल्या की हा माझ्या निऱ्यांत शिरायचा. त्यांनी घास पुढं केला की तोंड मिटायचा. वहिनी कधी चिडल्या नाहीत. एकदा फक्त स्वयंपाकघरात पाठमोऱ्या उभ्या राहून खूप वेळ एकच वाटी पुसत राहिल्या.

मग आजींनी मला बोलावलं.

“तू थोडे दिवस माहेरी जा, मालन. तू दिसलीस की त्याला दुसरं कुणी नको असतं. नजरेआड झालीस की विसरेल. लहान मुलं विसरतात.”

मी गेले. तो झोपला असताना गेले. आमचं गाव तिथून दोन कोसांवर. भावजय म्हणाली, “बरं झालं, जरा आराम कर.” पण माझ्या कडेला काही नव्हतं, त्यामुळं मला नीट चालताही येईना. एका बाजूला कलल्यासारखं व्हायचं. दुपारच्या वेळी पदराचं टोक कोरडं दिसायचं आणि मी ते बोटाला गुंडाळत बसायची. आजी म्हणाल्या होत्या, मुलं विसरतात. मी देवाकडं मागितलं की त्यानं विसरावं. आणि तसं मागताना मनात आत कुठं तरी म्हणत होते, नको रे, विसरू नको.

चौथ्या दिवशी सकाळी दारात साहेबांची मोटारसायकल थांबली. त्यांनी दाढी केलेली नव्हती.

“तो काही खात नाही,” ते म्हणाले. “अंगात तापही आहे. तुम्ही चला.”

माझ्याशी ते पहिल्यांदाच अहोजाहो बोलले.

घरात शिरले तेव्हा सोमू खाटेवर होता. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. वाटलं, मला बघताच झेप घेईल. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि भिंतीकडं तोंड फिरवलं.

“सोमू,” मी म्हटलं. “मी आले.”

तो वळला नाही. मी खाटेवर बसले, पाठीवर हात ठेवला. त्यानं माझा हात झटकला. एकदा, दोनदा. मग वळून त्याच हाताला कडकडून चावला आणि त्यानंतर रडायला लागला. मी त्याला छातीशी धरला. वहिनी दारात भाताची वाटी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ती वाटी खाली ठेवली, माझ्याकडं सरकवली आणि बाहेर निघून गेल्या.

त्यानं वाटीभर भात खाल्ला. तो झोपल्यावर मी मागच्या दारी गेले. वहिनी धुण्याच्या दगडावर बसल्या होत्या. नेमक्या तिथंच.

“मालनबाई,” त्या म्हणाल्या, “माझं काय चुकतंय ते तरी सांगा मला. मी चाळीस-चाळीस मुलांचा वर्ग सांभाळलाय. हे एक मूल माझ्याकडे बघायला तयार नाही.”

“तुमचं काही चुकत नाही.”

“मग?”

मी त्यांच्या पायाशी बसले. बोलायचं ठरवलं नव्हतं, पण तोंडून गेलंच.

“चूक माझी आहे. आजींनी त्याला माई म्हणायला शिकवायला सांगितलं होतं. मी शिकवलं. पण इथं, या दगडापाशी, मी त्याच्याकडून आई म्हणवून घेत होते. चोरून. वर्षभर. रोज.”

नळाचं पाणी थेंब थेंब गळत होतं. मला वाटलं, आता आत जाऊन साहेबांना सांगतील आणि संध्याकाळच्या आत माझं गाठोडं बाहेर येईल.

“मी तुमच्या जागी असते ना,” त्या म्हणाल्या, “तर मीही हेच केलं असतं.”

मला रडूच आलं. त्याही रडल्या. रडून झाल्यावर त्यांनी पदरानं नाक पुसलं आणि शाळेतल्या बाईंसारख्या म्हणाल्या, “बरं. आता मला शिकवा. अगदी पहिल्यापासून.”

मी शिकवलं. घास मोठा झाला की तो थुंकतो, बोराएवढा करायचा. न्हाऊ घालताना पाणी डाव्या बाजूनं टाकलं तर डोळ्यांत जात नाही. पडला तर लगेच धावायचं नाही, आधी त्याच्याकडं बघायचं. तुम्ही घाबरलात की तो घाबरतो. वहिनी वही घेऊन लिहीत होत्या. मला हसू आलं, पण त्या गंभीर होत्या. हे सगळं मला सिस्टरांनी एका दुपारी शिकवलं होतं आणि बाकीचं मी त्याच्याकडूनच शिकले होते. ते मी त्या वहीत उतरवून देत होते.

तरी तो त्यांच्याकडं झोपायला जाईना. दोन दुपारी प्रयत्न झाला, दोन्ही दुपारी रडारड.

तिसऱ्या दिवशी मी माझ्या खोलीतून माझं एक पातळ आणलं. मिलचं जाडंभरडं, मातकट रंगाचं, मीच दोन दिवस नेसलेलं. धुतलेलं नव्हतं.

“वहिनी, हे नेसा.”

त्यांनी ते हातात घेतलं. त्यांची पातळं मऊ वॉयलची, इस्त्री केलेली, कपाटातल्या वाळ्याच्या वासाची. माझ्या पातळाला घामाचा, धुण्याच्या साबणाचा, ओव्याच्या धुराचा वास. असलं न धुतलेलं पातळ दुसऱ्या बाईला द्यायची मला लाज वाटत होती. त्यांनी काही विचारलं नाही. आत जाऊन नेसून आल्या. केसांना माझं तेल लावलं. हातातल्या सोन्याच्या बांगड्या वाजायच्या, त्या काढून ठेवल्या. मग पदराच्या विरलेल्या टोकाकडं बघितलं आणि विचारलं, “हे टोक?”

“हेच.”

त्या खोलीत चटईवर जाऊन बसल्या. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिले. फटीतून तेवढीच चटई दिसत होती.

सोमू अंगणातून आला. जेवण झालेलं, डोळे जड झालेले. “माई,” म्हणत आला. चटईवर पातळ दिसलं. पडद्यामुळं खोलीत उजेड कमी होता. तो सरळ चालत गेला, मांडीत बसला, पदराचं टोक शोधलं आणि तोंडात घातलं.

मग वर बघितलं.

त्याचं चोखणं थांबलं. खालचा ओठ पुढं आला. वहिनी हलल्या नाहीत. मी सांगितलं होतं तसं त्यांनी त्याच्याकडं बघितलं, न घाबरता. मला माहीत आहे, आतून त्या किती घाबरल्या होत्या. सोमूनं पदराकडं बघितलं. पुन्हा त्यांच्या तोंडाकडं. नाक पदरात खुपसलं. असं तीन-चार वेळा केलं त्यानं. आता रडेल, आता उठेल, माझ्याकडं पळत येईल, असं मला वाटत राहिलं. मी दाराची कडी घट्ट धरली होती. तो रडला असता तर मी गेले असते. खरं सांगते, मी वाट बघत होते त्याच्या रडण्याची.

तो रडला नाही. हळूहळू त्याचं डोकं कललं आणि त्यांच्या छातीवर टेकलं. डोळे मिटता मिटता तो पुटपुटला, “आई.”

“ओ,” वहिनी म्हणाल्या.

माझ्याही तोंडात ओ आला होता. मी तळहातानं तोंड दाबलं आणि मागच्या दारी जाऊन नळ पूर्ण सोडला. धुवायला काही नव्हतं. नुसती पाण्याखाली हात धरून बसले.

त्यानंतर आठवडाभरच मी तिथं होते. वहिनींनी माझी दोन पातळं आलटून पालटून नेसली. मग एक दिवस वरून माझं आणि आतून त्यांचं, मग त्यांच्या पातळावर नुसता माझा तुकडा खांद्याला. मग तोही नाही. शेवटच्या दिवशी सोमू त्यांच्या ताटात जेवत होता आणि मी पाणी आणून ठेवलं तरी त्याचं माझ्याकडं लक्ष गेलं नाही.

“राहा ना,” वहिनी म्हणाल्या. “स्वयंपाकाला राहा. तुम्ही जावं असं कुणाच्याच मनात नाही.”

“मी राहिले तर तो आपल्या दोघींकडं बघत बसेल, वहिनी. कुणाकडं जायचं म्हणून.”

त्यांनी एक चिठ्ठी लिहून दिली. त्यांची एक मैत्रीण कराडला होती, तिला जुळं झालं होतं आणि नोकरीवर हजर व्हायचं होतं. एसटीत बसल्यावर मी ती उघडली. सातवीपर्यंत शिकलेली होते, वाचता येत होतं. चार ओळी होत्या. शेवटची अशी: “हिच्याकडे मूल निर्धास्त सोपव. ते तुझंच राहील.”

त्या चिठ्ठीवर मला कराडचं काम मिळालं आणि कराडच्या बाईंच्या शब्दावर पुढचं. असं एकातून एक होत गेलं. कराड, मग कोल्हापूर. अठ्ठावीस वर्षांत चौदा मुलं वाढवली. सगळ्यांना पहिल्यापासून मावशी म्हणायला शिकवलं. एकालाही धुण्याच्या दगडापाशी नेलं नाही. आता पाठ धरते, म्हणून काम सोडलंय. लहान पोरी येतात, त्यांना बाटली उकळायची कशी, मान धरायची कशी ते दाखवते.

मोघे साहेबांना पुढं कर्नाटकातल्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि ते लोक तिकडं गेले. वहिनींची दिवाळीला पत्रं यायची. मी दोन-तीन घरं बदलली, मग पत्रं चुकली.

गेल्या वर्षी माघात एक उंच मुलगा माझ्या दारात उभा राहिला. हातात लग्नाची पत्रिका. दाराच्या चौकटीला डोकं लागेल म्हणून वाकलेला.

“मालनमावशी का? मी सौमित्र मोघे. आईनं पाठवलंय. कराडच्या काकूंकडून तुमचा पत्ता मिळवला तिनं.”

मी त्याला खुर्ची दिली. चहा टाकला. टाकताना साखरेचा डबा सापडेना, समोरच होता. तो खोलीभर बघत होता, छान हसत होता. साहेबांचं नाक. माझ्याकडं तो अगदी अनोळखी माणसाकडं बघावं तसं, आदरानं बघत होता.

“मला तुम्ही सांभाळत होता ना? किती दिवस होता आमच्याकडे?”

“होते थोडे दिवस.”

“मला काहीच आठवत नाही,” तो ओशाळून म्हणाला. “एक विचारू? आमच्याकडे आजी नेहमी सांगायची, नातेवाईकही सांगतात. आई लग्न होऊन घरी आली आणि मी पहिल्याच दिवशी तिच्या मांडीवर जाऊन झोपलो. रडलो नाही, काही नाही. जणू जन्मापासून ओळखत होतो. माझ्या होणाऱ्या बायकोला हे फार आवडतं, ती सगळ्यांना सांगत असते. परवा मी आईला विचारलं, खरंच असं झालं होतं का गं? तर ती म्हणाली, मला नको विचारू. मालनमावशींना विचार. त्या जे सांगतील ते खरं.”

चहा उतू जायला आला होता. मी गॅस बारीक केला.

पत्ता शोधून वहिनींनी त्याला पत्रिका द्यायला धाडलं होतं, असं मला वाटलं होतं. त्यासाठी धाडलं नव्हतं. इतकी वर्षं त्यांनी जपून ठेवलेलं ते खरं माझ्या दारात आणून ठेवलं होतं. हवं तर घ्या म्हणून.

तो कप हातात धरून वाट बघत होता. मोठा झालेला, दाढी राखलेला, तरी ऐकताना खालचा ओठ जरासा पुढं काढून बसलेला.

“खरंय,” मी म्हटलं. “पहिल्याच दिवशी. मी तिथंच होते की.”

“बघा!” तो खूश होऊन म्हणाला आणि चहा प्याला.

निघताना तो पाया पडायला वाकला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. जरा जास्तच वेळ ठेवला असेन, कारण त्यानं वाकल्या वाकल्याच विचारलं, “मावशी, उठू का?”

“हो,” मी म्हटलं. “ऊठ.”